बर्बन पिणाऱ्यांनो, इकडे या (बाटल्यांचा शोध, लेबलं, कॉकटेल्स वगैरे)

ओकचं_पिंप

नमस्कार मंडळी. सिंगल माल्टवर इथे पूर्वी भरपूर चर्चा झालीये, वाईनवर पण झालीये, पण बर्बनवर (म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की) वेगळा धागा काही सापडला नाही म्हणून काढतोय. मी न्यू जर्सीत असतो, बरीच वर्षं बर्बन पितोय, त्याबद्दल मिळेल ते वाचतोय, केंटकीला जाऊन डिस्टिलऱ्या बघून आलोय. माझं एक ठाम मत झालंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना सोपं जाईल. ज्या बाटल्यांसाठी लोक पहाटे दुकानाबाहेर रांगा लावतात त्या सोडून द्या. वीस-तीस डॉलरला कुठेही मिळणारं शंभर प्रूफचं (म्हणजे ५० टक्के) बर्बन ही या सगळ्या प्रकारातली सर्वात चांगली गोष्ट आहे, नुसतं प्यायला पण आणि कॉकटेलला पण.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. बर्बन अमेरिकेतच बनलं पाहिजे, केंटकीतच बनलं पाहिजे असं मात्र नाही, कुठलंही राज्य चालतं. धान्यात किमान ५१ टक्के मका, बाकी बहुतेक वेळा राय (गव्हासारखं एक धान्य) किंवा गहू आणि थोडी माल्ट केलेली (मोड आणून वाळवलेली) बार्ली. गाळताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको, पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळलेलं, बाटलीत ४० च्या खाली नको, आणि पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही, रंग नाही की फ्लेवर नाही. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर किमान २ वर्षं पिंपात, आणि ४ वर्षांच्या आतलं असेल तर वय लेबलवर छापावंच लागतं. त्यामुळे स्ट्रेट बर्बनवर वय लिहिलेलं नसेल तर ते किमान ४ वर्षांचं आहे असं धरायला हरकत नाही.

आता माझा लाडका विषय, 'बॉटल्ड इन बाँड'. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे व्हिस्कीच्या नावाखाली काय वाट्टेल ते विकायचे, साध्या स्पिरिटमध्ये रंग आणि कसले कसले अर्क मिसळून. प्रामाणिकपणे पिंपात मुरवणाऱ्यांची पंचाईत झाली. त्यातले कर्नल ई. एच. टेलर आणि तेव्हाचे अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांनी मिळून १८९७ मध्ये कायदा करून घेतला. एकाच डिस्टिलरीचं, एकाच सीझनचं (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर), सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान ४ वर्षं मुरलेलं आणि बरोबर १०० प्रूफला बाटलीत भरलेलं. हे नियम अजून चालू आहेत, आणि लेबलवर डिस्टिलरीचा नंबर टाकावा लागतो त्यामुळे माल कुणाचा हे लपवता येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी गिऱ्हाईकाच्या बाजूने केलेली ही गोष्ट आज वीस डॉलरच्या आसपास मिळते, इव्हन विल्यम्सचं पांढरं लेबल घ्या, ओल्ड ग्रँडडॅड बाँडेड घ्या. बाँडेड नाही पण त्याच ताकदीचं वाइल्ड टर्की १०१ घ्या. ओल्ड फॉरेस्टर १०० प्रूफ घ्या. यातली एकही बाटली शोधावी लागत नाही, आणि मला तरी यातल्या कुठल्याही बाटलीने कधी निराश केलं नाही.

तुम्ही काय पिता, कुठे मिळतं, कशात घालता ते लिहा.

सह्यवेडा

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी पुण्यात, पक्का स्कॉचवाला. बर्बन म्हणजे आमच्याकडे जिम बीम व्हाइट, फार तर मेकर्स मार्क नाहीतर वुडफर्ड रिझर्व्ह, आणि जॅक डॅनियल्स जर धरत असाल तर ते. मला खरं सांगायचं तर ते फार गोड वाटतं आणि पहिल्या वासाला नेलपॉलिश आल्यासारखं होतं. हे माझ्या जिभेचं आहे का मी चुकीचं काही पितोय? आणि जॅक बर्बन आहे की नाही यावर आमच्या ग्रुपात दर वेळी भांडण होतं तेवढं एकदा मिटवा.

ओकचं_पिंप

@सह्यवेडा जॅक कागदावर बघितलं तर बर्बनचे जवळजवळ सगळे नियम पाळतं, पण ते स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवतात, कारण पिंपात भरायच्या आधी ते मेपलच्या कोळशातून झिरपवतात. त्यामुळे भांडण दोघांनी जिंकलं असं समजा.

गोडव्याचं म्हणाल तर बर्बनमध्ये साखर अजिबात नसते, तो सगळा खेळ लाकडाचा आहे. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात जाते. बर्बनला दर वेळी कोरं पिंप लागतं आणि ते आतून पेटवून काळं केलेलं असतं. कोळशाच्या खालच्या थरात लाकडातल्या शर्करा उष्णतेने कॅरॅमल झालेल्या असतात, व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य) सुटं झालेलं असतं, उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते आणि हिवाळ्यात ते सगळं घेऊन बाहेर येते. केंटकीत उन्हाळा चांगलाच तापतो आणि हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून हे भराभर होतं, ६ ते १० वर्षांत बर्बन ऐन भरात येतं. स्कॉचसारखं २०-२५ वर्षं ठेवलं तर पुष्कळदा लाकूडच चावल्यासारखं लागतं.

नेलपॉलिशचा वास कमी वयाच्या मालात जास्त येतो. ग्लासात ओतून दहा मिनिटं तसंच राहू द्या, नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. आणि गोड नको असेल तर राय जास्त असलेलं बघा, त्यात मिरीसारखा तिखटपणा येतो. मेकर्स मार्क त्याच्या उलट, त्यात रायच नाही, गहू आहे, म्हणून ते मऊ लागतं. तुम्हाला स्कॉचवरून यायचंय तर मेकर्स हे शेवटचं घ्या, पहिलं नको.

मोगरा७

जॅकचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवणारा माणूस म्हणजे नॅथन 'निअरेस्ट' ग्रीन, गुलाम म्हणून राबवला गेलेला कृष्णवर्णीय कारागीर, आणि यादवीनंतर गुलामी संपल्यावर जॅकच्या डिस्टिलरीचा पहिला मुख्य डिस्टिलर तोच. ही गोष्ट कंपनीने उघडपणे सांगायला २०१६ उजाडलं. केंटकी-टेनेसीतल्या या सगळ्या धंद्यात गुलामांचे हात होते, शेतात, भट्टीवर, पिंपं बांधताना, पण लेबलांवर सगळे गोरे कर्नल. मला हे माहीत झाल्यापासून ती जुनी लेबलं बघताना आधी हेच डोक्यात येतं. धागा छान आहे, कॉकटेलवर सावकाश लिहिते.

कट्टेकरी

पिंपराव, धाग्याबद्दल धन्यवाद पण मूळ मुद्द्याशी असहमत. मी रॅलीला, नॉर्थ कॅरोलिनात. आमच्याकडे दारूची दुकानं सरकारी, एबीसी स्टोअर्स, प्रत्येक काउंटीचं बोर्ड वेगळं. अमेरिकेत दारूच्या विक्रीवर असं सरकारी नियंत्रण ठेवणारी १७ राज्यं आहेत. फायदा असा की किंमत ठरलेली, ब्लँटन्स असो की वेलर (दोन्ही लोक ज्यांच्या मागे असतात अशा बर्बन), छापील किमतीलाच मिळणार, तोटा असा की मिळतच नाही. मग कुठे लॉटरी, कुठे अमुक दिवशी ट्रक येतो त्याची वाट बघणं. तुम्ही म्हणता पळू नका, पण या पळापळीत मला जे मित्र मिळालेत ते इतक्या वर्षांत ऑफिसात मिळाले नाहीत. शनिवारी सकाळी रांगेत उभं राहून कॉफी पीत गप्पा मारायच्या, बाटली मिळाली तर तिथल्या तिथे ठरतं की आज कुणाच्या घरी उघडायची. मी एकही बाटली विकायला घेत नाही, न उघडता ठेवत नाही.

आणि शोध म्हणजे फक्त ब्लँटन्स आणि पॅपी व्हॅन विंकलसारखी दुर्मिळ नावं नव्हे. खरा शोध सिंगल बॅरलचा. दुकानवाले किंवा क्लबवाले डिस्टिलरीत जाऊन चार-पाच पिंपांतून चव बघून एक अख्खं पिंप निवडतात आणि त्याच्या दोनेकशे बाटल्या फक्त त्या दुकानात. फोर रोझेसकडे दोन धान्यमिश्रणं आणि पाच यीस्ट, म्हणजे दहा वेगवेगळ्या रेसिपी, प्रत्येकीला चार अक्षरी कोड. ओबीएसव्ही म्हणजे राय जास्त आणि फळांचा हलका वास, ओबीएसक्यू मध्ये फुलांचा वास जवळजवळ अत्तरासारखा. एकच कंपनी, एकच गोदाम, आणि दोन ग्लासांत दोन वेगळी जगं. हे मोठ्या बॅचच्या वीस डॉलरच्या बाटलीत कुठून येणार?

अजून एक, एलायजा क्रेग बॅरल प्रूफ घेताना कोड वाचा. अ‍े१२४ म्हणजे त्या वर्षातली पहिली बॅच, १ म्हणजे जानेवारी, २४ म्हणजे २०२४. वर्षात तीन बॅच येतात, अ‍े, बी, सी, प्रत्येकीची ताकद वेगळी, चव वेगळी. पाणी न घालता पिंपातून काढली तशी भरतात.

ओकचं_पिंप

@कट्टेकरी सिंगल बॅरलबद्दल शंभर टक्के सहमत, तो शोध मी पण करतो आणि त्यात चवीची गोष्ट आहे, दुकानदाराने खरंच चाखून निवडलेलं असतं. माझा राग आहे तो नावामागे पळण्यावर. ब्लँटन्सचं उदाहरण घ्या. १९८४ मध्ये मास्टर डिस्टिलर एल्मर टी. ली यांनी काढली, एका पिंपातलीच बाटली म्हणून बाजारात आणलेली ती पहिली मोठी बर्बन, तेव्हा अमेरिकेत बर्बनला कुणी विचारत नव्हतं आणि जपानी गिऱ्हाईक चांगल्या मालाला पैसे मोजायला तयार होतं म्हणून. बाटली सुंदर, बुचावर घोडा आणि स्वार, आठ वेगवेगळ्या पोझ, प्रत्येकावर नावातलं एक अक्षर. दारू पण चांगली आहे, नाही कोण म्हणतं. पण आमच्याकडे दुकानं खाजगी, दुकानदार वाट्टेल ती किंमत लावतो, छापील किमतीच्या दुपटीने सहज. शिवाय काही ठिकाणी अट असते, ही बाटली हवी तर आधी इकडची न खपणारी तीन उचला. त्या पैशात मी वाइल्ड टर्कीच्या चार बाटल्या घेतो, आणि डोळे बांधून दिल्या तर ब्लँटन्स हमखास ओळखणारे फार कमी निघतील.

पॅपी व्हॅन विंकलची तर वेगळीच तऱ्हा. ते गव्हाचं बर्बन, १५, २० आणि २३ वर्षांचं, वर्षातून एकदा थोडंसं येतं. वेलर त्याच धान्यमिश्रणातलं, त्याच डिस्टिलरीतलं. कुणीतरी 'गरिबाची पॅपी' असं लिहिलं आणि वर्षानुवर्षं खालच्या फळीवर पडून असलेलं वेलर दिसेनासं झालं. २०२३ मध्ये तर ओरेगॉनच्या सरकारी दारू आयोगातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पॅपीसारख्या दुर्मिळ बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून ठेवल्याचं बाहेर आलं. पैसे भरून घेतल्या होत्या, पण लोकांच्या वाट्याच्या होत्या ना. पिण्याच्या वस्तूसाठी माणसं इतकी घसरावीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

तळ्यातमळ्यात

आम्ही टोरोंटोवाले यातल्या कुठल्याच वादात नाही हो. मार्च २०२५ मध्ये टॅरिफच्या भांडणात ऑंटारियोच्या सरकारी दुकानांनी सगळी अमेरिकन दारू फळ्यांवरून उतरवली. घरात होती ती पुरवून पुरवून प्यायलो, मग कॅनेडियन राय व्हिस्कीकडे वळलो आणि त्यातल्या काही फारच आवडल्या, लॉट ४० नावाची शंभर टक्के रायची आहे ती मॅनहॅटन कॉकटेलमध्ये घालून बघा. पण मला विचारायचंय ते हे, की बर्बनची तेजी संपत आली का? बातम्या तशाच येतायत.

ओकचं_पिंप

@तळ्यातमळ्यात तेजी ओसरलीये. केंटकीत आता दीड कोटीच्या वर पिंपं मुरत पडलीयेत, राज्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी तीनपेक्षा जास्त पिंपं. आठ-दहा वर्षांपूर्वी तेजी बघून सगळ्यांनी भट्ट्या वाढवल्या आणि तो माल आता तयार होतोय, पिणारे मात्र तेवढे वाढले नाहीत. जॅक डॅनियल्सवाल्या ब्राउन-फॉर्मनने २०२५ मध्ये लुइव्हिलचा स्वतःचा पिंपांचा कारखाना बंद केला, जिम बीमने क्लेरमाँटच्या मुख्य डिस्टिलरीत २०२६ पुरतं गाळणं थांबवायचं ठरवलं. हे आधी पण झालंय, सत्तरीच्या दशकात लोक व्होडकाकडे गेले आणि बर्बनच्या कितीतरी डिस्टिलऱ्या बंद पडल्या. कामगारांसाठी वाईट आहे यात शंका नाही. पण पिणाऱ्याला आत्ता फळीवर चांगला, वयाचा आकडा छापलेला माल रास्त भावात दिसायला लागलाय. कट्टेकरींच्या रांगा पण लहान झाल्या असतील?

कट्टेकरी

झाल्यात, हे मान्य. ईगल रेअर तर आता रांगेशिवाय दिसते कधीकधी.

उंबरठा

मी गोव्यात असते, बर्बन क्वचितच पिते पण त्याची पिंपं आमच्या दारात येऊन पडतात त्याबद्दल लिहिते. वर म्हटलंय तसं बर्बनला दर वेळी कोरं पिंप लागतं, मग रिकाम्या पिंपांचं काय करायचं? ती जगभर जातात, स्कॉटलंडला सगळ्यात जास्त, आणि आमच्याकडे पॉल जॉन या गोव्यातल्या सिंगल माल्टवाल्यांना पण. पॉल जॉन ब्रिलियन्स घेतलीत तर त्यात व्हॅनिला आणि मधासारखा जो गोडवा लागतो तो बर्बनच्या पिंपांचाच. केंटकीत वर्षाला पिंपातलं ३ ते ५ टक्के उडून जातं म्हणतात, गोव्याच्या उकाड्यात ते ८ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणून इथे पाच-सहा वर्षांत माल तयार होतो. आणि केंटकीची बफेलो ट्रेस डिस्टिलरी ज्यांची आहे त्या साझरॅक कंपनीने पॉल जॉन बनवणाऱ्या जॉन डिस्टिलरीजमध्ये हिस्सा घेतलाय, त्यामुळे नातं आता पिंपापुरतं राहिलेलं नाही. @सह्यवेडा तुम्ही स्कॉच आणि बर्बनच्या मधली पायरी शोधताय तर ब्रिलियन्सपासून सुरू करा, महाराष्ट्रात मिळते.

मोगरा७

आले. मी ठाण्यात घरीच बनवते, बार टाकायची स्वप्नं नाहीत, फक्त आवड आहे, त्यामुळे इथे जे मिळतं त्यातलंच सांगते.

ओल्ड फॅशन्डपासून सुरुवात करायची, कारण ते कॉकटेल चुकलं की लपवायला जागाच नाही. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या एका पेपरात कॉकटेल म्हणजे काय याचं उत्तर छापलं होतं: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबा-थेंबाने घालायचा कडू अर्क). ओल्ड फॅशन्ड आजही एवढंच आहे. ६० मिली बर्बन, एक छोटा चमचा साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-तीन झटके, मोठा बर्फ, आणि ढवळायचं, हलवायचं नाही. अर्धा मिनिट तरी ढवळा, थंड होणं आणि थोडं पाणी सुटणं हा रेसिपीचाच भाग आहे. इथे पिंपदादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, ४० टक्क्याचं बर्बन बर्फाच्या पाण्यात विरून जातं, ५० चं शेवटच्या घोटापर्यंत टिकतं. भारतात ५० चं मिळणं कठीण, मग मेकर्स मार्क घ्या, ते ४५ आहे, आणि पाक कमी करा.

साखरेऐवजी गूळ हा माझा हट्ट. कोल्हापुरी गूळ आणि पाणी समान वजनाने घेऊन मंद आचेवर विरघळवायचा, उकळी नाही आणायची, बारीक गाळणीने दोनदा गाळायचा आणि फ्रिजमध्ये. गडद, केमिकल न घातलेला गूळ मिळाला तर फारच छान, त्यातला तो किंचित खारट मळीसारखा स्वाद बर्बनच्या जळक्या लाकडाशी असा जुळतो की मी साखरेकडे परत गेलेच नाही. संत्र्याच्या सालीचं मात्र जपून. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, सोलाणं लावलं की साल सरकते, रुंद पट्टी निघत नाही. जाड सालीचं माल्टा घ्या. पट्टी ग्लासावर धरून चिमटायची, तेल वर उडतं ते महत्त्वाचं, साल नंतर टाकली नाही तरी चालेल.

व्हिस्की सावर करताना एक गोष्ट कुठल्याच परदेशी रेसिपीत लिहिलेली नसते. ते जे २० मिली लिंबूरस म्हणतात तो पिवळ्या मोठ्या लिंबाचा. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट आणि वासाला कितीतरी उग्र. तेवढंच घातलंत तर बर्बन कुठे गेलं ते कळणार नाही. ६० बर्बनला १५ मिली रसापासून सुरू करा, २० मिली पाक, आणि चाखून वाढवा. वरचा फेस अंड्याच्या पांढऱ्याचा, आधी बर्फाशिवाय जोरात हलवायचं, मग बर्फ घालून. आमच्या घरी अंडं चालत नाही म्हणून मी काबुली चणे शिजवलेलं घट्ट पाणी वापरते, दोन मोठे चमचे, फेस अगदी तसाच येतो आणि वास राहत नाही. चणे शिजवताना मीठ घालू नका एवढंच. याच सावरमध्ये पाकाऐवजी मध घातला की गोल्ड रश, न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी बारमधलं, मध पाण्यात पातळ करून घ्यायचा नाहीतर बर्फाला चिकटून बसतो. मान्सूनमध्ये हे माझं सगळ्यात आवडतं.

बर्फाचं विचारणार असाल तर: प्लास्टिकचा छोटा आइसबॉक्स झाकण न लावता पाणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा. सगळीकडून इन्सुलेशन आणि फक्त वरून गारठा, त्यामुळे बर्फ वरून खाली जमतो आणि हवा तळाला ढकलली जाते. तळ गोठायच्या आधी काढा, वरचा भाग काचेसारखा स्वच्छ. सुरीने खाच पाडून हलकेच ठोकलं की तुकडे होतात.

सह्यवेडा

मोगराताई, काय लिहिलंय! गुळाचा पाक या शनिवारी नक्की. मॅनहॅटन राहिलं की. वर्मुथ आणलाय एका मित्राने, बाटली सहा महिने बारच्या कपाटात उघडी पडलीये, चालेल का?

मोगरा७

@सह्यवेडा नाही चालणार, ओतून द्या किंवा स्वयंपाकात वापरा. वर्मुथ ही शेवटी वाईन आहे, उघडली की फ्रिजमध्ये आणि दीड-दोन महिन्यांत संपवायची. 'मॅनहॅटन मला आवडत नाही' म्हणणाऱ्या कित्येकांनी खराब झालेला वर्मुथ प्यायलेला असतो. ताजा आणलात की दोन भाग बर्बन, एक भाग गोड वर्मुथ, अँगोस्टुराचे दोन झटके, ढवळून गाळायचं. राय जास्त असलेलं बर्बन असेल तर उत्तम. त्यातच बिटर्सऐवजी कंपारी (कडू इटालियन लिकर) आलं की बुलेव्हार्डिए, १९२७ च्या सुमारास पॅरिसमधलं, अमेरिकेत दारूबंदी चालू असताना तिकडे जाऊन बसलेल्या अमेरिकनांचं. कारलं आवडणाऱ्यांना ते हमखास आवडतं असा माझा अनुभव आहे.

राघू_मैना

एक विचारू का सगळ्यांना? धागा वाचायला छान वाटला, पण आमच्या घरात या व्यसनाने एक माणूस गेलाय. इतकं रसभरीत वाचताना भीती वाटते.

ओकचं_पिंप

@राघू_मैना, तुमची भीती खरी आहे, आणि लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या घरी नियम आहे, आठवड्यात दोनच दिवस आणि एका दिवशी जास्तीत जास्त दोन पेग, गाडी चालवायची असेल तर एक थेंब नाही. आमच्या ग्रुपात एकाने सोडलीये, तो आला की त्याच्यासाठी मी आलं-लिंबू-सोडा आणि अँगोस्टुराशिवायचा ग्लास तसाच निगुतीने करतो (अँगोस्टुरात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय). ज्यांना थांबता येत नाही त्यांच्यासाठी हा छंद नाहीच, हे मी मनापासून म्हणतो.

तळ्यातमळ्यात

पिंपराव, केंटकीची ट्रिप लिहा ना. सीमा ओलांडून गाडीने जायचा विचार आहे, तीन-चार दिवसात काय बघावं?

ओकचं_पिंप

@तळ्यातमळ्यात बार्ड्सटाउनला मुक्काम करा, लहानसं गाव आहे, सगळं तासा-सव्वा तासाच्या आत. बुकिंग आधी करा, आयत्या वेळी टूर मिळत नाहीत. फ्रँकफर्टला बफेलो ट्रेस नदीकाठी आहे, एप्रिल २०२५ च्या पुरात आवारात पाणी शिरलं होतं त्यातून सावरलीये. तिथली विटांची जुनी गोदामं आत शिरून बघा, त्या अंधारात पिंपांचा जो वास कोंडलेला असतो तो बाटलीत कधीच येत नाही. लॉरेन्सबर्गला वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस एकाच दिवसात होतात. वाइल्ड टर्कीचे मास्टर डिस्टिलर जिमी रसेल १९५४ मध्ये तिथे लागले, मधल्या काळात बाजार हलक्या दारूकडे गेला तरी त्यांनी आपली चव बदलली नाही, १०१ तशीच ठेवली. माझ्यासाठी या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस. लोरेटोला मेकर्स मार्क, तिथे लाल मेणात बाटली स्वतः बुडवता येते, ते मेण आणि बाटलीचा आकार संस्थापकांच्या पत्नी मार्जी सॅम्युअल्स यांनी ठरवलेला.

बार्ड्सटाउनमध्येच हेवन हिल. ७ नोव्हेंबर १९९६ ला त्यांच्या गोदामांना आग लागली, वारा जोराचा, पेटलेली दारू ओढ्यासारखी उतारावरून वाहत गेली, सात गोदामं आणि ९० हजारांवर पिंपं गेली, डिस्टिलरी पण गेली. जीवितहानी झाली नाही. आणि मग जिम बीम आणि ब्राउन-फॉर्मन, म्हणजे सरळ सरळ प्रतिस्पर्धी, त्यांनी आपल्या भट्ट्यांवर हेवन हिलसाठी माल गाळून दिला. १९९९ मध्ये त्यांनी लुइव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी घेतली तोपर्यंत असंच चाललं. मी वर ज्या इव्हन विल्यम्स पांढऱ्या लेबलची एवढी तारीफ केली ती यांचीच. मे महिन्याचा पहिला शनिवार मात्र टाळा, लुइव्हिलला डर्बी (घोड्यांची मोठी शर्यत) असते, हॉटेलचे भाव बघवत नाहीत. डर्बीचं ठरलेलं कॉकटेल मिंट ज्युलेप तिथेच प्यायला पाहिजे असं नाही, बारीक कुटलेला बर्फ, पुदिना हलकेच दाबून (चुरडला की कडू होतो), थोडा पाक आणि १०० प्रूफ, घरी पण छान होतं.

सह्यवेडा

शेवटचं विचारतो. भारतात बर्बनवरची कस्टम ड्यूटी फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्के केली, पण पुण्यात दुकानात फार फरक जाणवला नाही, राज्याचा कर वेगळा असतोच. भाऊ डिसेंबरमध्ये डॅलसहून येतोय, त्याला काय आणायला सांगू आणि किती आणता येतं?

कट्टेकरी

@सह्यवेडा भारतात माणशी २ लिटर ड्यूटीशिवाय. अमेरिकेतून निघताना चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्क्यांमधली दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, सीलबंद पाहिजे. ७० च्या वरची अजिबात नाही, आणि हे मुद्दाम सांगतोय कारण काही बॅरल प्रूफ बाटल्या ७० च्या वर असतात, त्या विमानात चालत नाहीत, लेबलवर १४० प्रूफपेक्षा जास्त आकडा असेल तर ठेवून द्यायला सांगा. ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि उरलेल्या अर्ध्या लिटरसाठी एखादी ३७५ ची बसते. मी असतो तर एक टेक्सासच्या दुकानाने निवडलेली फोर रोझेस सिंगल बॅरल आणि एक एलायजा क्रेग बॅरल प्रूफ.

ओकचं_पिंप

फोर रोझेस यादीत ठेवा, ती तिथल्या दुकानाची निवड आहे आणि तुम्हाला पुण्यात दुसरीकडून मिळायची नाही. दुसरी मात्र वाइल्ड टर्की १०१ सांगा, आणि लहान बाटलीच्या जागी ओल्ड ग्रँडडॅड बाँडेड मिळतंय का बघायला सांगा. घरी आणल्यावर उभ्या ठेवा, वाईनसारख्या आडव्या नाही, बुचाला दारू लागून ते कुजतं. उन्हापासून लांब. आणि एकदा निम्मी झाली की फार महिने ठेवू नका, आपल्याकडच्या उकाड्यात वास लवकर उडतो.

सह्यवेडा

लिहून पाठवलं भावाला. फोर रोझेस, १०१, आणि बाँडेडची लहान बाटली. तो म्हणतोय अँगोस्टुरा पण आणतो.

मोगरा७

अँगोस्टुरा इथे मिळतं हो, सांगा त्याला त्याऐवजी ऑरेंज बिटर्स आण, ते शोधावं लागतं. ओल्ड फॅशन्डमध्ये दोन झटके अँगोस्टुरा आणि एक ऑरेंज, गुळाच्या पाकाबरोबर. करून झालं की इथे लिहा.